तिसऱ्या प्लगच्या खड्ड्यातलं तेल

मे महिन्यात मावशीला शिवपुरीला सोडून मी ग्वाल्हेरला परतत होते. मोहना मागे पडलं आणि घाटीगावच्या अलीकडे एका ट्रकमागे वेग कमी करावा लागला, तेव्हा गाडीनं पहिला झटका दिला. मग दुसरा. ॲक्सिलरेटर दाबला की पुढे ओढ घ्यायच्या ऐवजी गाडी नुसती थरथरायची आणि मीटरमधला इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकायचा. हा दिवा स्थिर पेटलेला असेल तर गाडी सांभाळून घरापर्यंत आणता येते. लुकलुकू लागला की समजावं, कुठल्या तरी सिलिंडरमधलं पेट्रोल न जळताच सायलेन्सरच्या वाटेला लागलंय, आणि तिथला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्यानं तापून कायमचा निकामी होऊ शकतो. मी एसी बंद केला आणि चाळिसाच्या वर काटा जाऊ दिला नाही. पाय हलका ठेवला की दिवा स्थिर व्हायचा. बाहेर अंगाची काहिली होत होती आणि काचा उघड्या असल्यामुळे मधूनच जळक्या तेलाचा वास आत यायचा.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. स्कॅनर लावल्यावर कोड आला पी०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग, तिथलं पेट्रोल नीट पेटत नाही. मुलानं तिसरी कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीची वीज पुरवणारा भाग, उपसली तर तिचं खालचं रबर तेलानं निथळत होतं. मालकांनी लांबूनच बघून सांगितलं, "मैडम, रिंगें बैठ गई हैं. हाफ इंजन खोलना पड़ेगा." म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या, तेल खालून वर येतंय. खर्च पस्तीस हजारांच्या पुढे. मी विचारलं, कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघितलंत का? उत्तर आलं की तेल समोर दिसतंय, आणखी काय बघायचं.

गाडी दहा वर्षांची, ब्याण्णव हजार किलोमीटर चाललेली. रिंगा गेल्या असतीलही, पण मग तेल कमी व्हायला हवं होतं. जानेवारीत ऑइल बदललं होतं, त्यानंतर पाच हजार किलोमीटर झाले, आणि पट्टीवरची पातळी वरच्या खुणेपासून जेमतेम पाव भाग उतरलेली. सायलेन्सरमधून निळा धूर कधी दिसला नव्हता, ना सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू करताना, ना उतारावर पाय सोडून पुन्हा दाबल्यावर. माझं मन पस्तीस हजारांना तयार होईना. गाडी तशीच, तीन सिलिंडरवर, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घरी आणली.

माझे बाबा इथल्या जेसी कापड मिलमध्ये फिटर होते. मिल बंद पडून तीस वर्षं होऊन गेली, बाबांनी ऐंशी ओलांडली, पण यंत्राजवळ गेले की त्यांचा आवाज बदलतो. अंगणात खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "अगं, तेल आहे हे तर आंधळाही सांगेल. ते वरून आलंय की खालून, तेवढं आधी ठरव. मग पाना उचल."

आमच्या गाडीच्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडणारे दोन दांडे, म्हणजे कॅमशाफ्ट, आहेत आणि त्यांच्या मधोमध चार उभ्या नळ्या. प्रत्येक नळीच्या तळाशी स्पार्क प्लग असतो, वरून तिच्यात कॉइल घालतात. नळीच्या बाहेर कॅमना वंगण देणारं तेल सारखं उडत असतं, आत मात्र ठणठणीत कोरडं हवं. वरच्या टोकाला टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, आतल्या बाजूनं एक रबरी गोल सील नळीला कवटाळून बसतं आणि खालचं टोक सिलिंडरांवर बसलेल्या हेडमध्ये दाबून बसवलेलं असतं. त्यामुळे या नळीत, म्हणजे प्लगच्या खड्ड्यात, तेल यायच्या वाटा मुख्यतः दोन: वरचं सील किंवा खालचा सांधा. सिलिंडरमधलं तेल प्लगच्या आट्यांतून वर चढून खड्डा भरेल, ही गोष्ट फार दूरची. प्लग इतका ढिला असेल तर आधी फुस-फुस आवाज येईल आणि वर येईल ते काजळीनं माखलेलं असेल. रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील गेली की तेल दिसतं ते प्लगच्या खालच्या टोकावर, ठिणगी पडते त्या इलेक्ट्रोडवर. गॅरेजमध्ये प्लग बाहेर काढून कोणी पाहिलाच नव्हता.

रविवारी सकाळी सातला, ऊन चढायच्या आत, काम सुरू केलं. इंजिन रात्रभर थंड झालेलं. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवली. कॉइलच्या कनेक्टरचं प्लॅस्टिक दहा उन्हाळ्यांनी इतकं ठिसूळ झालं होतं की कुलूप दाबताना श्वास धरावा लागला. तार धरून ओढली असती तर नक्की मोडलं असतं. चारही कॉइल काढून, क्रमानं, कागदावर आकडे लिहून मांडल्या.

नळी इतकी खोल की मधलं बोट घालूनही तळ लागत नाही. खराट्याची एक सरळ काडी तोडून पुसली आणि ऑइलची पट्टी बघावी तशी एकेका नळीत उतरवली. पहिली कोरडी. दुसरीत टोकाला नुसती ओल. तिसरीत काडी दोन बोटं भिजून वर आली. चौथी कोरडी. तेल तपकिरी, नितळ होतं, त्याला पेट्रोलचा वास नव्हता. दुधट असतं तर पाणी मिसळल्याची, म्हणजे कूलंटची, शंका घ्यावी लागली असती.

इथे घाई करू नये, असं मी कळकळीनं सांगेन. खड्ड्यात तेल असताना प्लग फिरवला की ते सगळं, तळाशी साचलेल्या वाळूच्या कणांसकट, सिलिंडरमध्ये उतरतं. थोडं तेल निळा धूर काढून जळून जाईल, पण कण जळत नाहीत, ते सिलिंडरच्या भिंती खरवडतात. औषधाच्या दुकानातून वीस मिलीची सिरिंज आणली, तिला सलाइनच्या नळीचा तुकडा लावला आणि तेल ओढून घेतलं. तिसऱ्या नळीतून बारा मिली निघालं. मग काडीला फडकं गुंडाळून तळ पुसला, पाच वेळा, फडकं स्वच्छ येईपर्यंत.

तिसरा प्लग हातात आला आणि मी घाबरले. टोक काळं आणि ओलं होतं. क्षणभर वाटलं, गॅरेजवाल्यांचंच खरं निघालं. बाबांनी प्लग मागून घेतला, नाकाशी नेला आणि म्हणाले, "वर्तमानपत्र आण." टोक कागदावर दाबलं, ओला डाग उठला. तो कागद आणि तो प्लग त्यांनी उन्हात ठेवले. पुरी निथळायला कागदावर ठेवली तर मागे पारदर्शक डाग राहतो, आणि दुसऱ्या दिवशीही तो तसाच असतो. पेट्रोलचा डाग उडून जातो. दहा मिनिटांनी कागदावर काजळीच्या बारीक ठिपक्यांखेरीज काही उरलं नव्हतं, कागद पूर्वीसारखा मळकट पांढरा. प्लगचं टोकही सुकून मऊ, कोरडी काजळी झालं. सिलिंडरमध्ये पेट्रोल येत होतं, ठिणगी पडत नव्हती, म्हणून ते न जळता टोकावर बसलं होतं. तेल असतं तर टोक चकचकीत, चिकट राहिलं असतं. (हे उघड्यावर करावं, जवळपास पेटतं काही नको.)

आता त्याच प्लगचा वरचा भाग. षट्कोनी भागावर, चिनीमातीवर आणि अगदी वरच्या दोन आट्यांवर तेल होतं, खालच्या आट्या कोरड्या. उरलेल्या तिन्ही प्लगांची टोकं फिकट बदामी, जशी असायला हवीत तशी. माझ्यापुरतं उत्तर तिथेच मिळालं होतं: तेल प्लगच्या वर होतं, प्लगच्या खाली नव्हतं.

चारही प्लगांच्या चिनीमातीवर, धातूला लागून, तपकिरी वलय होतं. ते पाहून बरेच जण समजतात की सिलिंडरचा गॅस वर फुटतोय. तसं नसतं. जास्त दाबाच्या विजेमुळे आसपासच्या हवेतले तेलाचे सूक्ष्म कण चिनीमातीला खेचले जातात, त्याचा तो डाग. चिंता करण्यासारखी रेघ वेगळीच होती: तिसऱ्या प्लगच्या चिनीमातीवर वरपासून खालपर्यंत पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक काळी उभी रेघ, आणि कॉइलच्या रबरी बुटात नेमकी तिच्यासमोर राखाडी रेघ. तेलात बुडून तो बूट फुगून मऊ पडला होता, दाबला की बोटाला चिकटायचा. ठिणगी इलेक्ट्रोडच्या फटीत पडायच्या ऐवजी त्या रेघेवरून उतरून हेडमध्ये जात होती.

खात्रीसाठी सगळं पुसून जोडलं आणि तिसरी कॉइल पहिल्या जागी, पहिली तिसऱ्या जागी घातली. मोबाइलला जोडायचा छोटा रीडर माझ्याकडे आहे. जुना कोड पुसून दोन मिनिटं इंजिन चालवलं. नवा कोड आला पी०३०१. मिसिंग कॉइलच्या मागोमाग गेलं, सिलिंडरच्या नाही. या परीक्षेला एक पैसा लागत नाही, आणि महागड्या सुट्या भागांची अंदाजपंचे खरेदी टळते.

नवी कॉइल सोळाशे पन्नास रुपयांना आणली, तिसरा प्लगही नवा घातला. प्लग बसवताना त्याच्या डोक्यावर रबरी नळीचा तुकडा चढवून बोटांनीच फिरवला. आट्या वाकड्या लागल्या तर नळी हातातच घसरते, पाना मात्र घसरत नाही, आट्या कापत जातो. हेड ॲल्युमिनियमचं, म्हणून इंजिन थंड असतानाच. हातानं टेकल्यावर पान्यानं अर्ध्या फेऱ्याहून किंचित जास्त, एवढंच. गाडी पूर्वीसारखी गुळगुळीत चालू लागली. पण तेल यायचं थांबलेलं नव्हतं. ते कुठून येतंय हे अजून डोळ्यांनी पाहायचं होतं.

नळ्या आतून पुसून लख्ख केल्या. टॅपेट कव्हरचा बाहेरचा सांधा ब्रशनं धुतला, वाळू दिला आणि त्यावर अंगाला लावायची पावडर भुरभुरली. दोन दिवस शाळेत जायला-यायला गाडी वापरली. तिसऱ्या दिवशी बॉनेट उघडलं तर मागच्या कोपऱ्यात पावडरीची चार बोटं लांब ओली पट्टी झाली होती, बाकी सांधा पांढराच. मग कॉइल काढून टॉर्चचा झोत तिसऱ्या नळीत तिरपा सोडला. नळीच्या भिंतीवर वरच्या कडेपासून निघालेला एकच ओघळ खालपर्यंत आला होता, प्लगच्या भोवती थेंबभर तेल जमलेलं. तळाचा सांधा गळत असता तर तळाशी ओल आणि वरची भिंत कोरडी दिसली असती. वाट सापडली, वरच्या सीलची. बाबांना टॉर्च धरून दाखवलं. ते वाकून बराच वेळ बघत राहिले.

तरी कम्प्रेशन बघितल्याशिवाय त्यांचं समाधान होईना, आणि ते बरोबरच होतं. त्यांच्या ओळखीचे एक जुने उस्ताद संध्याकाळी गेज घेऊन आले. गाडी आधी गरम केली. चारही प्लग काढले, कॉइलचे कनेक्टर सोडवले, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढला. मी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरला आणि उस्तादांनी सांगितलं तोवर स्टार्टर फिरवला, प्रत्येक सिलिंडरला सहा ठोके. आकडे आले १७५, १७०, १६८, १७२ पीएसआय. उस्ताद म्हणाले, "बिटिया, चारों भाई एक जैसे हैं. इसमें रिंग का क्या काम?" एखादाच आकडा खूप खाली आला असता तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजतात. तेलानं आकडा चढला तर दोष रिंगांचा, जिथल्या तिथे राहिला तर बहुधा व्हॉल्व्हचा. आम्हाला त्याची गरज पडली नाही.

जाता जाता उस्तादांनी एक प्रश्न विचारला, आणि या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात मोलाचा तोच वाटतो. "पैकिंग तो गई. पर गई क्यों? ब्रीदर देखा?"

पिस्टनच्या फटीतून थोडा गॅस खाली तेलाच्या टाकीकडे निसटतोच, नव्या इंजिनातही. तो ब्रीदरमधून, म्हणजे पीसीव्ही नावाच्या छोट्या व्हॉल्व्हमधून, पुन्हा इंजिनाच्या श्वासात ओढला जातो. तो व्हॉल्व्ह तुंबला की आतला दाब वाढतो आणि तेलाला बाहेर ढकलतो, जिथे रबर सगळ्यात थकलेलं असेल तिथून. उस्तादांनी इंजिन चालू ठेवून तेल भरायचं झाकण काढलं आणि तोंडावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी ठेवली. ती किंचित आत ओढली जायला हवी होती. ती फुगून वर उचलली गेली. व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवला. चांगला असता तर खुळखुळला असता. आमचा मुका होता, आत काळा डिंक साचलेला. माझी शाळा घरापासून तीन किलोमीटर. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद होतं, आतली वाफ उडून जात नाही, ती तेलात मिसळून हा चिखल होतो. वर्षानुवर्षं मी हेच करत आले आणि मला कल्पनाही नव्हती. व्हॉल्व्ह दोनशे साठ रुपयांचा.

टॅपेट कव्हर पुढच्या रविवारी उघडलं. कव्हरचे बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे करत सैल केले. जुनं पॅकिंग खाचेतून उपटताना पापडासारखं कडकन मोडलं. नवं असताना ते गोलसर, लवचीक असतं. हे चपटं, चौकोनी झालं होतं आणि नखानं दाबलं तर खूणही उमटत नव्हती. तिसऱ्या नळीच्या सीलची आतली कड एका बाजूला चिरलेली, दुसरीच्या सीलची सुद्धा चिरायच्या बेतात. रबराला वर्षानुवर्षं गरम तेल आणि इंजिनाची आच सोसावी लागते, आणि आमच्याकडे त्यात मे-जूनचं ऊन मिळतं. कधीकाळी कोणी तरी गळती थांबवायला सगळ्या कडेनं सिलिकॉन फासलं होतं. ते खरवडायला दोन तास गेले, प्लॅस्टिकच्या पट्टीनं, कॅमवर स्वच्छ फडकी अंथरून, कारण सिलिकॉनचा एक तुकडा आत पडला आणि तेलाच्या वाटेत अडकला तर इंजिनाला तेल मिळेनासं होईल.

पॅकिंग आणि चारही नळ्यांची सील एकाच संचात मिळाली, सातशे ऐंशी रुपयांना. काही गाड्यांत ही सील कव्हरमध्येच घडवलेली असतात, तिथे अख्खं कव्हर बदलावं लागतं. दुकानात जाण्याआधी हे बघून घ्यावं. आणि नुसतं बाहेरचं पॅकिंग बदलून नळ्यांची जुनी सील तशीच ठेवली तर सगळी मेहनत वाया जाते. नवं पॅकिंग कोरडंच खाचेत बसवलं. सिलिकॉन फक्त दोन ठिकाणी, टायमिंग चेनचं कव्हर आणि हेड यांचा सांधा येतो तिथे, वाटाण्याएवढं. बोल्ट मधून बाहेर, तिरपे-समोरासमोर, दोन फेऱ्यांत आवळले. दहा न्यूटन-मीटर, म्हणजे मनगटाच्या जोराइतकंच. माझा हात शेवटी आणखी अर्धा आटा द्यायला निघाला, तर बाबा खुर्चीतून म्हणाले, "बस. रबराला जीव असतो." जास्त आवळलं की पॅकिंग खाचेतून बाहेर फुटतं किंवा कव्हर वाकतं, आणि गळती पहिल्यापेक्षा वाढते. कॉइलच्या बुटांच्या तोंडाशी विजेसाठीचं पांढरं ग्रीस अगदी बोटावर घेऊन लावलं. सिलिकॉन सुकायला रात्रभर गाडी सुरू केली नाही.

सगळा मिळून खर्च तीन हजारांच्या आत आला. त्यात उस्तादांनी काही घेतलं नाही, म्हणून मुरैन्याची गजक पोचवली.

पाचशे किलोमीटर झाल्यावर पिशवी पुन्हा झाकणाच्या तोंडावर ठेवली. ती हलकेच आत ओढली गेली. शिवपुरीला आणखी एक फेरी झाली, ऑगस्टमध्ये, भर पावसात. परतल्यावर चारही कॉइल काढून त्याच खराट्याच्या काड्या उतरवल्या. पहिली, तिसरी, चौथी कोरडी. दुसरीच्या टोकाला काही तरी चकाकलं. बाबांनी काडी कागदावर दाबून ओट्यावर ठेवली. ऊन नव्हतं, त्यामुळे संध्याकाळपर्यंत थांबलो. डाग उरला नाही. पावसाचं पाणी असावं, कॉइलच्या टोपीखालून झिरपलेलं. कव्हरचा मागचा कोपरा मात्र हाताला किंचित ओशट लागला. तिथे मी पुन्हा पावडर भुरभुरून ठेवली आहे.